आधी कपाटाचं कुलूप काढा, कोर्सचं मग बघू

बार्शीहून एका वडलांचं पत्र आलंय. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, मॅथ्सचा बॅकलॉग लागलाय, तरी रात्री उशिरापर्यंत मामाच्या दुकानाच्या टॅलीतली (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली) बिलं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने वाचून एक्सेलमध्ये काढायचा प्रोग्रॅम करत बसते, म्हणून लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलंय. टॅलीतून ती बिलं एक्सएमएल फाईलीत निघतात, म्हणजे खुणांच्या मध्ये माहिती लिहायची एक पद्धत. क्लासवाले म्हणाले एक्सएमएल कधीच मेलं, ९० हजारांचा एआयचा कोर्स लावा. लावू का?

दादा, तुमचा प्रश्न कोर्सचा आहे पण मला काळजी त्या कुलपाची वाटतेय. तुम्हीच लिहिलंय की हल्ली ती जेवतानाही बोलत नाही. अहो कशी बोलेल, कुणी न सांगता तिनं जे काम स्वतःहून अंगावर घेतलं तेच तुम्ही बंद केलंत, आणि वर रोज चुलतभावाचं पॅकेज ऐकवताय. नापास एका पेपरात झाली आणि शिक्षा चोवीस तासांची. कॉलेजातल्या मुलीचा लॅपटॉप असा काढून घेतला की मॅथ्स सुटत नाही, ती तुमच्यापासून गोष्टी लपवायला मात्र लागते, आणि एकदा ते सुरू झालं की परत विश्वास बसायला फार वेळ जातो हो.

आता ते "मेलं" प्रकरण. वेबवर नवीन कामं बहुतेक जेसनमध्ये, म्हणजे माहिती लिहायच्या दुसऱ्या एका पद्धतीत, होतात हे खरं, जीएसटीचे रिटर्नसुद्धा जेसनमध्ये अपलोड होतात. पण तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता ना, त्यामागे बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे मेसेज जातात ते एक्सएमएलमध्ये असतात. आधारची ऑफलाइन केवायसी फाईल एक्सएमएल, मोठ्या कंपन्या २०११ पासून सरकारकडे ज्या एक्सबीआरएल पद्धतीत ताळेबंद भरतात तीही एक्सएमएलच, वर्डची फाईल अनझिप केलीत तरी आत तेच. क्लासवाल्यांना हे माहीत नसेल तर त्यांच्याकडे ९० हजार भरायची घाई करू नका.

पत्रात तिच्या अडचणी लिहिल्यात त्यावरून सांगतो, पोरगी बरोबर रस्त्यावर आहे. पार्सर, म्हणजे फाईल वाचून तिचे भाग सुटे करणारा प्रोग्रॅम, "इनव्हॅलिड कॅरेक्टर" म्हणून थांबतो ना, टॅलीतून काढलेल्या फाईलीत "प्रायमरी" वगैरे नावांच्या आधी कोड ४ चं कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारं चिन्ह) येतं आणि एक्सएमएल १.० मध्ये ते चालतच नाही, तर पार्सरला देण्याआधीच ते साफ करायचं. आणि लॅपटॉप अडकतो कारण ती डॉम नावाची पद्धत वापरतेय, म्हणजे सगळ्या फाईलचं झाड मेमरीत उभं राहतं आणि ते फाईलच्या कितीतरी पट जागा खातं. वर्षभराची बिलं असतील तर तिला म्हणावं पायथनमधलं इटरपार्स वापर, एकेक व्हाउचर (बिलाची नोंद) वाचायचं, हवं ते घ्यायचं आणि लगेच क्लिअर करायचं, क्लिअर विसरली तर मेमरी तशीच भरत जाते. त्या एका व्हाउचरच्या आत लेजर, म्हणजे खातं, शोधायला एक्सपाथ ही एक्सएमएलमध्ये हवं ते शोधायची भाषा मस्त. कुठे डॉम घ्यायचं, कुठे फाईल वाचत वाचत पुढे जायचं, कुठे एक्सपाथसारखी क्वेरी मारायची हे कळणं हीच प्रोग्रॅमरची अक्कल, उद्या डेटा जेसनमध्ये आला तरी हाच विचार लागतो. एआयच्या कामातसुद्धा आधी असाच डेटा साफ करत बसावं लागतं.

बाकी एमसीए करायचं असेल तर सीईटी आहेच, त्यातही मॅथ्स लागतं, त्यामुळे बॅकलॉग आधी काढायचा. रोज किती वेळ द्यायचा ते तिला ठरवू द्या. लॅपटॉप आजच परत द्या. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हाच टॅलीचा विषय चालेल का हे तिला गाईडला विचारू दे, तुम्ही मध्ये जाऊ नका.