स्लो कुकरमधील नाताळचा खाऊ : वाचकांच्या शंका

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या मुलीने या वेळी येताना तिथला स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे, माझ्यासाठी आणला आहे. नाताळात तिकडे भाजलेले शेंगदाणे आणि चॉकलेट या कुकरमध्ये एकत्र घालून खाऊ करतात व तो डब्यांत भरून शेजारीपाजारी वाटतात. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दर नाताळाला केक येतो. त्यांचा डबा रिकामा परत करणे जिवावर येते, म्हणून यंदा हा खाऊ करून द्यावा असे ठरवले. गेल्या आठवड्यात एकदा करून पाहिला, परंतु चॉकलेट पातळ होण्याऐवजी त्याचा घट्ट, रवाळ गोळा झाला. माझे नेमके काय चुकले असावे?
— एक गृहिणी, सदर, नागपूर

उत्तर : आपण कुकर कशाच्या साहाय्याने चालवला हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून आधी त्याविषयीच सांगणे मला आवश्यक वाटते. अमेरिकेतील उपकरणे १२० व्होल्टची असतात आणि आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. केवळ पिनचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाले की तापणाऱ्या तारेतील शक्ती साडेतीनपटीहून अधिक वाढते, म्हणजे २५० वॉटचा कुकर ९०० वॉटच्या शेगडीसारखा तापू लागतो. त्यात चॉकलेट तर करपतेच, परंतु कुकर जळण्याचा आणि आग लागण्याचाही धोका असतो. यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर हवा आणि त्याची क्षमता कुकरच्या तळाशी लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट असावी. तो घरात नसेल तर मिळेपर्यंत कुकर लावूच नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता गोळ्याविषयी. चॉकलेट म्हणजे स्निग्ध पदार्थात विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण. त्यात पाण्याचे चार थेंब जरी पडले तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता सगळे मिश्रण आळते. स्लो कुकरमध्ये हे थेंब बहुतेक वेळा झाकणातून पडतात, कारण आतली वाफ बाहेर जाऊ न देणे हेच त्या झाकणाचे काम आहे. वरणासाठी किंवा रश्श्यासाठी ते उपयोगाचे असले तरी चॉकलेटसाठी घातक ठरते. म्हणून झाकणाखाली स्वच्छ, कोरडा सुती पंचा ताणून बसवावा आणि त्याची टोके वर घेऊन झाकणाच्या मुठीला बांधावीत. भांडे धुतल्यावर पूर्ण कोरडे करावे. लाकडी चमच्यात ओल मुरलेली असते, त्यामुळे ढवळण्यासाठी स्टीलचा किंवा सिलिकॉनचा चमचा घ्यावा. शेंगदाणे आधी कढईत खमंग भाजून, साले काढून, पूर्ण गार करून मगच घालावेत, कारण स्लो कुकर दाणे भाजू शकत नाही आणि कच्च्या दाण्यांतली ओल चॉकलेटमध्ये उतरते.

बिघडलेला गोळा मात्र फेकून देऊ नका. त्यात आणखी थोडे गरम दूध घालून जोरात घोटले की तो पुन्हा गुळगुळीत होतो. त्याच्या वड्या पडणार नाहीत, पण केकवर ओतण्यासाठी किंवा मुलांच्या दुधात घालण्यासाठी तो उत्तम आहे.

दुसरी गोष्ट चॉकलेटच्या निवडीची. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असते आणि ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. असे चॉकलेट वितळवून पुन्हा चकचकीत व कडक गोठवायचे असेल, तर ते आधी ४५ अंशांच्या वर नेऊन, मग २८ अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. स्लो कुकरमध्ये इतका काटेकोरपणा शक्य नाही, त्यामुळे त्यात केलेल्या खऱ्या चॉकलेटवर दोन दिवसांत पांढुरके डाग दिसू लागतात. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्ध पदार्थ असतो आणि ते या सोपस्काराशिवाय नीट गोठते. खऱ्या चॉकलेटची चव मला अधिक प्रिय असली, तरी या कृतीसाठी कंपाउंडच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटावरील घटकांची यादी वाचली की दोन्हींतला फरक कळतो.

अर्धा किलो भाजलेले दाणे (आपल्याकडच्या भाषेत फल्लीदाणे), ३०० ग्रॅम डार्क कंपाउंड आणि २०० ग्रॅम मिल्क कंपाउंड एवढ्या साहित्याचे सुमारे ४० गोळे होतात. दाणे तळाशी पसरावेत आणि चॉकलेटचे बारीक तुकडे त्यांच्यावर घालावेत. हा क्रम उलटा करू नये, कारण भांड्याची थेट उष्णता दाणे झेलतात आणि चॉकलेट करपत नाही. कुकर ‘लो’वर ठेवून पहिल्या अर्ध्या तासाने एकदा आणि नंतर दर १५ मिनिटांनी खालून वर ढवळावे. तास-सव्वा तासात मिश्रण एकजीव झाले की कुकर लगेच बंद करावा. ‘लो’ म्हणजे कायम कोमट असा अनेकांचा समज असतो, परंतु पुरेसे तास मिळाले तर ‘लो’वरही भांडे उकळीच्या जवळ पोहोचते, म्हणून तो लावून बाजारात जाणे इथे चालणार नाही. मिश्रणात चिमूटभर मीठ घालून, बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग घालावेत.

गोठवण्यासाठी फ्रीज नको. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या चॉकलेटला घाम फुटतो आणि ते चिकट होते. नागपूरचा डिसेंबर या कामासाठी देवाने दिलेला महिना आहे. गच्चीलगतच्या खोलीत दोन तासांत गोळे कडक होतात. हाच खाऊ मे महिन्यात केला, तर तो डब्यात पुन्हा वितळलेला सापडेल. घट्ट झाकणाच्या डब्यात तो दोन-तीन आठवडे चांगला राहतो. पुढे दाण्यांना खवट वास येऊ लागतो. शेजाऱ्यांना देताना त्यात शेंगदाणे आहेत असे चिठ्ठीवर अवश्य लिहावे, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते.

प्रश्न : याच खाऊत आपल्या संत्र्याचा स्वाद आणता येईल का? मी चॉकलेटमध्ये संत्र्याचा ताजा रस घातला, पण ते बिघडले.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रस म्हणजे पाणीच, त्यामुळे वर सांगितलेलेच घडले. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या नागपुरी संत्र्याचा खरा सुगंध सालीतल्या तेलात असतो, आणि आंबिया बहाराची फळे नाताळाच्या सुमारास बाजारात असतातच. तेव्हा रस पिऊन टाकावा आणि खाऊसाठी साल वापरावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हाताने सहज सुटते.

आठ-दहा संत्र्यांच्या साली स्वच्छ घासून धुवाव्यात, पातळ पट्ट्या कापाव्यात आणि दर वेळी नवीन पाणी घेऊन दहा-दहा मिनिटे तीनदा उकळून ते पाणी टाकून द्यावे. कडूपणा या पाण्यातच निघून जातो, त्यामुळे इथे आळस करू नये. नंतर निथळलेल्या सालींच्या वजनाइतकी साखर आणि साखरेच्या निम्मे पाणी घालून साली स्लो कुकरमध्ये ‘हाय’वर दोन ते तीन तास ठेवाव्यात. या कामाला हे भांडे मला मनापासून आवडते, कारण मंद, एकसारख्या उष्णतेत साखर सालीत सावकाश मुरते, साल तुटत नाही आणि काचेसारखी पारदर्शक होते. मात्र झाकणामुळे पाणी आटत नाही, म्हणून शेवटी सगळे कढईत काढून गॅसवर दहा-पंधरा मिनिटे पाक दाट करावा लागतो. पट्ट्या जाळीवर सुट्या मांडून एक-दोन दिवस वाळवाव्यात; आपल्याकडची कोरडी थंड हवा त्यांना चांगली मानवते. हाताला चिकटेनाशा झाल्या की बारीक चिरून दाण्यांसोबत चॉकलेटमध्ये घालाव्यात, किंवा अख्ख्या पट्ट्यांची टोके चॉकलेटमध्ये बुडवून निराळा खाऊ करावा. उरलेला सुगंधी पाक फेकू नये. तो शिऱ्यात फार सुंदर लागतो.

प्रश्न : स्लो कुकरमध्ये संक्रांतीसाठी गुळाची चिक्की होईल का? पाकाशी उभे राहणे मला आता जमत नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चिक्की त्यात होणार नाही. कडक चिक्कीसाठी पाक सुमारे १५० अंशांपर्यंत चढावा लागतो, तेव्हाच थंड पाण्यात टाकलेला थेंब कडकन मोडतो. स्लो कुकर १०० अंशांच्या आसपास थांबतो, त्यामुळे त्यात गूळ वितळेल, पण दिवसभर ठेवला तरी कडक पाक होणार नाही. उभे राहण्याचाच त्रास असेल, तर भाजलेले तीळ, दाण्याचे कूट, किसलेला मऊ गूळ आणि वेलदोडा मिक्सरमधून एकत्र फिरवून बिनपाकाचे लाडू बसल्या जागी वळावेत. तिळाला तेल सुटते आणि त्यातच लाडू बांधले जातात. मिक्सर मात्र थांबून थांबून चालवावा, नाहीतर तेल जास्त सुटून लाडू तेलकट होतात.