आईशप्पथ आणि त्रिएस्टे

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. डिप्लोमसी या पटावरच्या खेळात जिवलग मित्राला दिलेला शब्द तू मोडलास आणि दोन आठवडे तो तुझ्याशी बोलत नाही, हे कळलं. मेसेजमध्ये एकच वाक्य तीनदा होतं: "काका, पण गेमच होता ना?" तीनदा विचारलंस म्हणजे तुझी तुलाच खात्री नाही. फोन केला असता, पण तू "हो हो, बरोबर आहे" म्हणून दोन मिनिटांत गुंडाळलं असतंस. म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या बाजूचं. डिप्लोमसीत दिलेला शब्द मोडणं हा गुन्हा नाही. अ‍ॅलन कॅल्हॅमर या माणसाने १९५४ मध्ये हा खेळ रचला, १९५९ मध्ये पदरमोड करून त्याच्या ५०० प्रती काढल्या. (पुढे त्याने पोस्टमनची नोकरी केली, आणि त्याचा खेळ लोक पोस्टानेही खेळले.) फासे नाहीत, पत्ते नाहीत. १९०१ मधला युरोप, सात सत्ता, ताब्यात घ्यायची ३४ केंद्रं. ज्याच्याकडे १८ आली तो जिंकला. सगळ्या तुकड्यांची ताकद सारखी, त्यामुळे एकीला एक भिडली की दोघी जागच्या जागी. पुढे सरकायचं तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी सपोर्ट लागतो. तो मिळवायला गोड बोलायचं, वचनं द्यायची, मग सगळ्यांनी गुपचूप ऑर्डरी लिहून एकदम उघड करायच्या. त्या वचनांचं बंधन कोणावर नाही, हे टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चॅलेंज खेळताना "तीन राण्या" म्हणत तू दुर्री-तिर्री खाली सरकवतोस, तेव्हा कोण तुला खोटारडा म्हणतं? पण मेंढीकोटात भिडूला नुसती भुवई उडवून खूण केलीस, तर लोक पानं टाकून उठतात. बसताना काय ठरलंय, सगळं त्यावर.

तेव्हा तू इटली, तुझा मित्र ऑस्ट्रिया. त्याने आरमार अल्बेनियाला काढलं, त्याचं त्रिएस्टे हे केंद्र उघडं पडलं, आणि शरदाच्या चालीत तू शेजारच्या तुझ्या व्हेनिसमधून आत शिरलास. चाल झकास होती. दोन सत्तांची मूळ केंद्रं एकमेकांना अशी खेटून या नकाशावर दुसरीकडे कुठे नाहीत. त्या दोघांत हे आज ना उद्या होणारच. मी असतो तर कदाचित त्याआधीच्या वसंताच्या चालीतच शिरलो असतो.

मला खटकलं ते तू मेसेजच्या शेवटी कंसात टाकलेलं: "मी आईशप्पथ म्हटलं होतं."

लहानपणी आमच्या अंगणात पकडापकडी चालायची. ज्याच्यावर राज्य त्याला हुलकावणी द्या, डावीकडे जातोय असं दाखवून उजवीकडे पळा, सगळं चालायचं. त्याबद्दल शाबासकीच मिळायची. पण चप्पल तुटली, खरचटलं, की "टाइमप्लीज" म्हणायचं आणि राज्य असलेला जागीच थांबायचा. हाताच्या अंतरावर असला तरी. खोटंच टाइमप्लीज घेऊन पळून जाणारा एक मुलगा होता. त्याला कोणी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी खेळायला घेतलं नाही, बस्स. हुलकावणी हा खेळाचा भाग होता. टाइमप्लीज हे खेळ थांबवून बोललेलं वाक्य होतं.

आईशप्पथचं तेच आहे. इटलीने ऑस्ट्रियाला गंडवलं, हरकत नाही. पण त्याला पटेना, तेव्हा तू क्षणभर इटली राहिला नाहीस. शाळेपासूनचा मित्र म्हणून त्याच्याशी बोललास, काम झालं, आणि पुन्हा इटली होऊन बसलास. त्याने विश्वास ठेवला तो इटलीवर नाही.

हाच खेळ ऑनलाइन चालतो त्या वेबडिप्लोमसी या साइटवरचे नियम पाहा. तिथे थापा हव्या तेवढ्या मारा. पण बाहेर दोस्ती आहे म्हणून कोणाशी युती केली, किंवा "इथे मला सोड, दुसऱ्या डावात मी तुला सोडतो" असा सौदा केला, की ती फसवणूक धरतात. दगा चालतो आणि दोस्ती चालत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. मग लक्षात आलं, उरलेले पाच जण ज्या डावाला बसले तो डावच मग तिथे चालू नसतो.

त्याच साइटवर २०२२ मध्ये मेटाच्या संशोधकांनी सिसेरो नावाचा प्रोग्रॅम माणसांत बसवला होता. ४० डाव खेळून तो वरच्या दहा टक्क्यांत आला. तो बहुतेक खरंच बोलतो, असं करणाऱ्यांचं म्हणणं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्याचे संवाद तपासून त्यातली दगाबाजी दाखवून दिली. ते काहीही असो, शप्पथ घ्यायला त्या बिचाऱ्याला आई नव्हती. तिच्यावाचून त्याचं भागलं.

मी काही साधू नाही. हॉस्टेलवर असताना आम्ही शेंगदाण्यांवर रमी खेळायचो. खोलीतल्या एकाची मनिऑर्डर दहा दिवस रखडली होती, मेसचे पैसे थकले होते. डाव रंगात आला असताना मी खिडकीतून वाकून म्हटलं, "अरे, खाली पोस्टमन तुझंच नाव विचारतोय." तो जिने उतरत धावला आणि मी त्याची पानं बघून घेतली. पानं बघणं ही रडी होतीच. ती तो दोन दिवसांत विसरला. वर आल्यावर शिवी देऊन हसलासुद्धा. पण त्यानंतर वर्षभर मी त्याला काहीही सांगितलं, उद्या लेक्चर नाही, मेस आज लवकर बंद होणार, की तो "बरं" म्हणायचा आणि शेजारच्या खोलीत जाऊन विचारून यायचा. हा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

आणखी एक. तो पहिल्यांदाच खेळत होता ना? मग या खेळात स्टॅब, म्हणजे साथीदाराच्या पाठीत सुरा, असतो, आणि तो तुझा जिवलगसुद्धा करेल, हे आधी सांगायचं काम तुझं होतं. अंगणात अशा भिडूला कच्चा लिंबू म्हणायचो. पहिला एखादा दिवस त्याच्यावर राज्य येत नसे.

आता त्याला भेट. मेसेज नको, घरी जा. त्रिएस्टेबद्दल माफी मागू नकोस. ते त्याला खरं वाटणार नाही, आणि ते खरंही नसेल. शपथेबद्दल माग. दोन आठवडे अबोला धरून तोही थोडं ताणतोय, पण हे त्याला सांगायला दुसरी माणसं आहेत.

मिटलं की रविवारी डाव लावा, मलाही घ्या. मला तुर्कस्तान द्या, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायचं वय झालंय माझं. रशिया कोण घेणार तेवढं आधी कळव. काळ्या समुद्राबद्दल त्याच्याशी आत्तापासूनच गोड बोलायला लागेन म्हणतो.

तुझा,
काका