वाचल्याशिवाय सही नाही

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा नेट गुंडाळून झाली तरी तू ग्राउंडवर घुटमळत होतास. दहा मिनिटं बुटाने माती उकरलीस आणि मग विचारलंस, "सर, व्हिसाच्या त्या फॉर्मवर, कधी अटक झाली होती का, तिथे 'हो' करू की 'नाही'?" मी तुझ्यावर खेकसलो. घरी जाताना दादरच्या पुलावर लक्षात आलं, की चिडलो होतो ते तुझ्यावर नाहीच. म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मध्येच आवाज चढतो.

तू चोर नाहीस, हे सांगण्यात मी कागद वाया घालवणार नाही. परदेशातल्या टूरवर मित्राने गंमत म्हणून तुझ्या सॅकमध्ये दुकानातले इयरफोन टाकले, दाराशी भोंगा वाजला, चार तास चौकीत बसवलं, दंड भरलास, सुटलास. इथवर ठीक. मला झोंबलं ते तुझं पुढचं वाक्य. "मॅनेजरसर म्हणाले, सही कर, बस खाली उभी आहे." आणि तू केलीस! कागदावर काय लिहिलं होतं ते सोड, लिपी कोणती होती तेही तुला धड सांगता येईना. अरे, पतपेढीचा साधा फॉर्म तुझी आई चष्मा पुसून तीनदा वाचते. तिचा मुलगा तू, आणि एक अक्षर न कळणाऱ्या कागदाखाली स्वतःचं नाव लिहून आलास.

वाचल्याशिवाय सही नाही. वाचता येत नसेल तर वाचून, समजावून सांगणारा माणूस समोर बसल्याशिवाय सही नाही. बस उभी असो नाहीतर विमान.

तुझ्यापुरती ती वेळ गेली, पण तुझ्यामागून पोरं जाणार आहेत, त्यांना तरी सांग. 1963 चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं 36 वं कलम. परदेशी माणसाला अटक केली तर 'तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवायचं का' हे विनाविलंब त्याच्या कानावर घालणं तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि तो 'हो' म्हणाला की कळवावंच लागतं. भारत 1977 पासून त्या करारात आहे. याच कलमावर कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात आपण हेगला गेलो आणि 17 जुलै 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, की पाकिस्तानने हे कलम मोडलं. दोन देश ज्याच्यासाठी कोर्टात उभे राहिले, ते कलम आपल्या टूरच्या सूचनांत मी कधी पाहिलेलं नाही. तिथे असतो ट्रॅकसूटचा रंग आणि रिपोर्टिंगची वेळ.

दूतावासाचा माणूस तुला सोडवून आणत नाही, हेही ऐकून ठेव. तो भेटतो, वकील गाठून देतो, घरी निरोप पोचवतो. पण आपली भाषा बोलणारं कुणीतरी खोलीत आलं, की समोरच्याची सहीची घाई जरा कमी होते. मला एवढंच हवं आहे.

तू म्हणालास, "त्या अमेरिकन कॉलेजच्या पोरांना तर राष्ट्राध्यक्षांनी सोडवलं." हो, सोडवलं. नोव्हेंबर 2017, चीनमधलं हांगझोऊ, यूसीएलए या कॉलेजचे पहिल्या वर्षातले तीन बास्केटबॉलपटू. हॉटेलजवळच्या दुकानांमधून माल उचलला. टीम शांघायला मॅच खेळून घरी गेली आणि हे तिघे हॉटेलात अडकून पडले. ट्रम्प नेमके तेव्हा चीनमध्ये होते, त्यांनी शी जिनपिंग यांच्याकडे शब्द टाकला. आठवडाभरात पोरं परतली. पुढचं तू वाचलं नसशील. एकाने पुढच्या महिन्यात कॉलेज सोडलं, दोघे अख्खा सीझन बाहेर. आणि तुझ्या वेळी कोणता राष्ट्राध्यक्ष त्या गावात मुक्कामाला असणार होता?

मला त्यापेक्षा 2016 चं रिओ ऑलिम्पिक जास्त आठवतं. लोक्टी नावाच्या बड्या अमेरिकन जलतरणपटूने टीव्हीवर सांगितलं, की आम्हाला बंदूक दाखवून लुटलं. प्रत्यक्षात पेट्रोल पंपावर केलेल्या मोडतोडीचं भांडण होतं. तो घरी पोचलासुद्धा. पोलिसांनी विमानातून खाली उतरवलं ते त्याच्याबरोबरच्या कॉलेजच्या दोन पोरांना. सीनियर बोलून जातो आणि विमान ज्युनियरचं सुटतं. तुझे मॅनेजरसर आठवले ना?

मला मीच आठवलो. तीस वर्षं होऊन गेली. मी मॅनेजर, बारा पोरं. आमच्या लिफ्टरने, म्हणजे व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशसाठी बॉल चढवून देणाऱ्याने, दुकानात टोपी घालून पाहिली आणि तशीच डोक्यावर ठेवून बाहेर आला. विसरला. मी आजही म्हणतो, विसरला. फ्लाइट रात्री साडेअकराची, तिकिटं बदलून मिळणारी नव्हती, मोबाईल नव्हते, दूतावासाचा नंबर ज्या वहीत होता ती वही हॉटेलवर. मी काय करायला हवं होतं, तूच सांग. अकरा पोरांना एअरपोर्टवर झोपवायचं? खायला कुठून घालायचं? मला तरी कुणी शिकवलं होतं? त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "कर रे, काही होत नाही." त्याने सही केली. विमान मिळालं. इमिग्रेशन पार झाल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो.

तो कागद म्हणजे कबुलीजबाब होता. सात वर्षांनी, खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागल्यावर, त्याला ऑफिसच्या टीमबरोबर परदेशी जायचं होतं. व्हिसाच्या फॉर्मवर तुझ्यासारखाच प्रश्न. तो मला विचारायला आला, याच ग्राउंडवर. मी म्हणालो, "नाही लिही, कोण बघतंय." त्यांनी बघितलं. टोपीचं त्यांना फारसं काही नव्हतं, खोटं लिहिल्याचं होतं. टीम त्याला सोडून गेली.

म्हणून खेकसलो.

तुझा व्हिसाचा एजंट म्हणतो तेच वाक्य मी म्हणालो होतो, हे लक्षात घे. अमेरिकेच्या फॉर्मवर प्रश्न नुसता शिक्षेचा नाही, कधी अटक झाली होती का असाही आहे, नंतर माफी मिळालेली असली तरी. जाणूनबुजून खोटं लिहिलंस तर त्यांच्या कायद्यात बंदी कायमची. ब्रिटनमध्ये फसवणुकीला दहा वर्षं बंदी. आणि फॉर्मच्या शेवटी, वरची माहिती खरी आहे असं म्हणून पुन्हा तुझीच सही. एक सही न वाचता केलीस, आता दुसरी वाचून, समजून, खोटी करणार?

तेव्हा आधी 'हो' की 'नाही' हा प्रश्नच बाजूला ठेव. आधी तो कागद काय आहे ते कळू दे. दंडाची पावती आहे, कबुली आहे, की अटकेची नोंद? तुझ्या मित्राने त्याचा फोटो काढला होता म्हणालास ना? तो मागव. अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून घे. फोटो अंधुक असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाला लिही, परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल त्यासाठीच आहे. मग व्हिसाचं काम जाणणाऱ्या वकिलाला दाखव, एजंटला नव्हे. कागदात अटक निघाली तर 'हो', खाली चार ओळींत काय घडलं ते, सोबत भाषांतर. व्हिसा मिळेलच असं मी म्हणत नाही. जादा कागद मागतील, उशीर होईल, कदाचित हे सेमिस्टर जाईल. जाऊ दे.

मॅनेजरसरांशी भांडायला जाऊ नकोस. त्यांच्याही खिशात बारा बोर्डिंग पास होते. (बघ, मी पुन्हा त्यांची बाजू घ्यायला लागलो.)

आणि दुबईच्या स्पर्धेत निवड झालीच, तर आईचे अनारसे इथेच ग्राउंडवर वाटून जा. त्यावरची खसखस तिथे बंदीच्या मालात मोडते.

रविवारी सकाळी सातला ये. फोटो घेऊन ये, एजंटचा फॉर्मही आण, कोराच. त्या लिफ्टरचा नंबर माझ्याकडे आहे, ठाण्याला असतो. कागद कसा सोडवायचा हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. रविवारच्या आत त्याला फोन करेन म्हणतो. गेल्या वीस वर्षांत केलेला नाही.

तुझा,
सर