सेकंड-हॅण्ड एसयूव्ही बाहेरून आणताय? इंजिन कोणते घ्यावे

परराज्यातून गोव्यात जुनी, आटोपशीर एसयूव्ही आणू पाहणाऱ्यांची पत्रे सध्या बरीच येत आहेत. त्यांतली चार इथे घेतली आहेत. नावे गाळून गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न (साखळी): महिन्यातून दोनदा तरी चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला जाणे होते. गाडीत पाच जण आणि सामान असते. बेंगळुरूला २०२१ च्या दोन ह्युंदाई व्हेन्यू पाहिल्या आहेत, एक १.२ पेट्रोल आणि दुसरी १.० टर्बो. एक लिटरच्या इंजिनाला घाटात दम लागणार नाही ना?

उत्तर: दम लागला तर १.२ ला लागेल. घाटात गाडी किती ओढेल हे नुसत्या सीसीवरून ठरत नाही. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढण्याची ताकद, किती आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो, ते पाहा. व्हेन्यूच्या १.२ मध्ये टॉर्क ११४ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे आणि तोही पुरा मिळतो ४००० आरपीएमला. १.० टर्बोत (यात धुराच्या जोरावर फिरणारी फिरकी इंजिनात जादा हवा कोंबते) १७२ न्यूटन-मीटर आहे आणि तो १५०० पासूनच हाताशी येतो.

केरी सोडून वर चढू लागलात की हा फरक कळतो. केसपिनेसारख्या वळणावर पुढे ट्रक असला की वेग पडतो. १.२ मध्ये तिथे लगेच दुसरा गिअर टाकावा लागतो, इंजिन ओरडू लागते आणि एसी चालू असेल तर ओव्हरटेकचा विचार सोडून द्यावा लागतो. टर्बो त्याच जागी तिसऱ्या गिअरमध्ये उचलते. पाच माणसे बसवून घाट चढायचा तर ही चैन नाही, सुरक्षिततेची बाब आहे. म्हणून तुम्ही टर्बोच घ्या.

मात्र दोन गोष्टी नीट तपासा. पहिली, तेल बदलल्याच्या नोंदी. टर्बोच्या फिरकीला वंगण मिळते ते इंजिनाच्याच तेलाचे. तेल बदलायला उशीर होत गेला की आधी तिचे बेअरिंग जाते. सर्व्हिसच्या नोंदीच नसतील तर किंमत कितीही उतरवून दिली तरी ती गाडी सोडा. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतःच्या हाताने सुरू करा आणि मागे निळसर धूर येतो का, ते कोणाला तरी पाहायला सांगा. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

दुसरी, गिअरबॉक्स. या इंजिनाबरोबर सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, येतो. त्याचा क्लच कोरडा असतो. चढावर ट्रकमागे इंच-इंच सरकताना तो तापतो. तुमचा रस्ता पाहता मॅन्युअल मिळाली तर तीच बघा.

प्रश्न (फोंडा): दिल्लीहून २०१७ ची दीड लिटर डिझेल एसयूव्ही फार स्वस्तात मिळते आहे. दलाल म्हणतो, इंजिन मोठे आणि दणकट आहे, गोव्यात अजून पंधरा वर्षे चालेल. मी रोज कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो.

उत्तर: स्वस्त का मिळते, ते आधी समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या आदेशांपासून निर्बंधांची टांगती तलवार आहे. त्यामुळे मुदत जवळ आली की मालक गाडी परराज्यात काढतात. यात गैर काही नाही, चांगली गाडीही त्यामुळे स्वस्त पडू शकते. पण पंधरा वर्षांचे गणित चुकीचे आहे. नोंदणीची १५ वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, गोव्याचा नंबर पडला त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे ही गाडी २०३२ पर्यंत. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण.

आता मुख्य मुद्दा. फोंडा ते कुंडई एवढ्या धावेत डिझेल इंजिन धड गरमही होत नाही. अशा आखूड फेऱ्यांत ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचते, पिकअप पडते. उद्या कोणी २०२० नंतरची बीएस-६ डिझेल दाखवली तर तिथे दुखणे वाढेल, कमी होणार नाही. तिच्या धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. रोज वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागत राहतो. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर धाव असती, वरचेवर पुणे-हुबळी असते, तर मी डिझेलच सुचवले असते. तुमच्या वापराला साधी पेट्रोल बरी.

तरीही ही गाडी घ्यायचीच असेल तर कागद आधी, पैसे नंतर. मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर मिळते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गोव्याचा नंबर घ्यायला फॉर्म २७. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घेणे कायद्याने बंधनकारक आहे. गोव्याचा रस्ता कर इथे भरावा लागतो आणि दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा तिथेच मागावा लागतो. तो हातात पडेपर्यंत हिशोबात धरू नका. गाडीची किंमत, आणण्याचा खर्च आणि इथला कर एकत्र मांडा. मग जीए-०५ ची तशीच गाडी फोंड्यात कितीला मिळते, ते विचारा. बरेचदा फरक फारसा उरत नाही.

प्रश्न (मडगाव): मारुती ब्रेझा १.५ पेट्रोल पाहतो आहे. बाकीच्या कंपन्या १.२ वर थांबतात, मग हिचे इंजिन मोठे का? मोठ्या इंजिनाचा खर्च वाढतो का?

उत्तर: बाकीच्या १.२ वर थांबतात ते करामुळे. चार मीटरच्या आतल्या गाडीला कमी जीएसटी हवा असेल तर पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत लागते. ब्रेझाचे १४६२ सीसीचे इंजिन त्यात बसत नाही. तो जादा कर पहिल्या मालकाने भरला आहे. तुम्हाला सीसीचा फरक थर्ड पार्टी विम्यात दिसेल. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. म्हणजे १.६ ची जुनी क्रेटा घेतली तर फटका बसेल, ब्रेझाला नाही. टर्बो नसलेले, चार सिलिंडरचे हे इंजिन कोणत्याही गावच्या मेकॅनिकच्या हाताला सवयीचे आहे. निर्धास्त घ्या. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर मात्र ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ॲव्हरेज थोडे उतरेल आणि इंधनाच्या रबरी नळ्या सर्व्हिसच्या वेळी बघून घ्याव्या लागतील.

प्रश्न (म्हापसा): भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याची एक लिटर टर्बो एसयूव्ही चार वर्षांची आहे. परत येताना ती मुरगाव बंदरात उतरवता येईल का? की १.६ ची आणावी?

उत्तर: दोन्ही नकोत. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली हवी, म्हणजे भावाची गाडी इथेच बाद होते. स्टिअरिंग उजवीकडे आहे ही जमेची बाजू खरी, पण वेगदर्शक किलोमीटरमध्ये असावा लागतो, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र निघण्याआधीच घ्यावे लागते आणि वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरात उतरवता येते. शिवाय सीमाशुल्क गाडीच्या किमतीहूनही जास्त पडते. एवढे करून इथे न विकल्या जाणाऱ्या मॉडेलची एखादी हेडलाईट फुटली तर ती बाहेरून मागवण्यात महिने जातील.

भावाला गाडी तिथेच विकायला सांगा. तो म्हापशातच राहणार असेल आणि फिरणे बार्देशापुरते असेल तर इथली १.२ पेट्रोल त्याला पुरून उरेल.