वाचक विचारतात: लिपबाम लावणारं पोट्टं आणि बाळी घालणारे पणजोबा

प्रश्न: माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, बारावीत. वर्षभरापासून कोरियन गाण्यांचं वेड लागलंय, चार-पाच मित्र मिळून संध्याकाळी फुटाळा तलावावर त्या गाण्यांवर डान्स करतात. तिथपर्यंत ठीक होतं, पण आता रोज सनस्क्रीन, गुलाबी लिपबाम, केस वाढवलेत, आणि दिवाळीत कोणाला न विचारता एक कान टोचून आला. सासूबाई म्हणतात पोट्टं पोरीवानी चाल्लं. त्याचे बाबा दोन महिन्यांपासून त्याच्याशी धड बोलत नाहीत. हा 'तसा' तर होणार नाही ना? आमचं काय चुकलं?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते म्हणजे आज रात्री जरा झोप लागेल. तुमचं काहीही चुकलेलं नाहीये. लिपबामवरून कोण 'तसा' आहे ते कळत नाही, गाणी ऐकून कोणी तसा होत नाही, आणि समजा उद्या त्याने येऊन सांगितलं की आई मला मुलं आवडतात, तर तेव्हाही तो तुमचाच असेल आणि तेव्हाही तुमचं काही चुकलेलं नसेल. एवढं पक्कं धरा, मग पुढचं वाचा.

कानाचं आधी. घरात पणजोबांचा जुना फोटो असेल तर काढून बघा, कानात बाळी दिसायची शक्यता बरीच आहे. पेशवाईतले पुरुष भिकबाळी घालायचे, त्यांना कोणी पोरीवानी म्हटलं नाही. आणि तिकडे चीनमध्ये 2019 च्या जानेवारीत व्हिडिओ साइट्सवर पुरुष कलाकारांच्या कानातले चक्क ब्लर करून दाखवले होते, 2021 च्या सप्टेंबरमध्ये तर सरकारी प्रसारण खात्याने टीव्हीवर बायकी दिसणारे पुरुष नकोत असा आदेशच काढला. म्हणजे एवढीशी बाळी, एका ठिकाणी रुबाब, दुसऱ्या ठिकाणी सरकारला धास्ती. मर्दपणा काही कानाच्या पाळीत नसतो, तो कोणत्या काळात कुठे काय ठरवलंय त्यावर असतो.

आता तुमच्या मनात असेल की तिकडची माणसं फारच मोकळी असतील, त्यांचं बघून आमचं पोरगं बिघडलं. तसंही नाहीये, आणि मला वाटतं मुलांनाही हे कळायला हवं. जपानचं काबुकी घ्या. ते सुरू केलं ओकुनी नावाच्या एका बाईने, 1603 च्या सुमारास क्योतोमध्ये, आणि त्यात ती पुरुषाचा वेष घालून नाचायची. 1629 मध्ये बायकांना स्टेजवरच बंदी झाली, मग कोवळी पोरं आली, 1652 मध्ये तीही बंद, कारण नटनट्यांवरून मारामाऱ्या आणि वेश्याव्यवसाय. मग उरले मोठे पुरुष आणि त्यांच्यातूनच बाईचं काम करणारे 'ओन्नागाता' तयार झाले, जे आजही आहेत. बाईने सुरू केलेल्या कलेत बाईचं कामसुद्धा बाईकडे राहिलं नाही.

याच्या बरोबर उलट ताकाराझुका. कोबायाशी इचिझो नावाच्या रेल्वेवाल्याला लाइनच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत प्रवासी यायला हवे होते म्हणून 1913 मध्ये त्याने तिथे मुलींची गाणारी मंडळी काढली, 1914 चा पहिला प्रयोग झाला एका पोहण्याच्या हौदाचं थिएटर करून. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषाचं काम करणाऱ्या नटीला ओतोकोयाकू म्हणतात आणि तिच्यामागे हजारो बायका वेड्या असतात. पण लग्न केलं की मंडळी सोडावी लागते! स्टेजवर राजपुत्र व्हा, तलवार चालवा, घरी गेलात की बाई व्हा. पडद्यावर जी सूट मिळते ती घरापर्यंत पोचत नाही, हे तिकडे पावलोपावली दिसतं.

कोरियाचंही तेच. नाजूक, देखण्या मुलांसाठी त्यांच्याकडे शब्दच आहे, 'कोन्मिनाम', म्हणजे फुलासारखा सुंदर पुरुष. पण तोच फुलासारखा मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेला जातो. तुमच्या लेकाच्या खोलीत ज्यांचं पोस्टर असेल त्या बीटीएस या कोरियन बँडच्या सातही जणांनी ही सेवा केली, पहिला डिसेंबर 2022 मध्ये गेला आणि शेवटचा जून 2025 मध्ये सुटला. हे त्याच्या बाबांना जेवताना सहज सांगा. म्हणजे फौजेत गेला म्हणूनच तो मर्द असं मला म्हणायचं नाही, पण एकच माणूस लिपस्टिक लावतो आणि बंदूकही धरतो हे त्यांनी एकदा डोक्यात फिरवावं.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तीही 1913 मध्येच. शालू कसा नेसायचा, केसात फूल कुठे माळायचं हे घराघरातल्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या आणि अख्खा महाराष्ट्र अजून हात जोडतो, जोडायलाच हवेत. पण माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं. लहानपणी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघायला आम्ही घोंगडी घेऊन जायचो, त्यात बाईचं काम करणारा एक दादा होता, लुगडं नेसून असा नाचायचा की म्हातारे सुद्धा उभे राहून पैसे द्यायचे. दोन दिवसांनी तोच दादा आमच्या बांधीत धान कापायला आला तर तीच माणसं त्याला 'ए बायल्या' म्हणून हाक मारत होती. तो खाली मान घालून कापत राहिला. मी आठ वर्षांची असेन, अजून ती मान डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून ताई, तुमच्या घरात ती मान खाली जाऊ देऊ नका. 'तू तसा आहेस का' म्हणून पाठीस लागू नका, असेल-नसेल ते तो त्याच्या वेळेला सांगेल. न विचारता कान टोचला त्यावर रागवा, तो तुमचा हक्क आहे, टोचलेली जागा पिकली नाही ना तेही बघा. आणि एका संध्याकाळी बाबांना घेऊन फुटाळ्यावर जा, लांब उभं राहून बघा पोरगं कसं नाचतं ते.

प्रश्न: मी बीए सेकंड इयरला आहे, दोन मुलांच्या प्रेमाच्या जपानी मांगा (चित्रकथा) आणि चिनी कादंबऱ्या भरपूर वाचते. माझा एक मित्र गे आहे, तो म्हणतो याच्यात आमचं काहीच नाही. मला वाईट वाटलं, वाचणं सोडू का?
– धरमपेठ

उत्तर: सोडू नको गं. पण त्याचं ऐक. हा प्रकार 1970 च्या दशकात जपानी लेखिकांनी मुलींसाठी सुरू केला, मुलीवर जी बंधनं असतात ती नसलेलं प्रेम लिहून बघायचं होतं त्यांना, त्यामुळे त्यात तुला तुझं काहीतरी सापडतं आणि त्याला त्याचं सापडत नाही, दोन्ही खरं आहे. आणि कागदावरच्या जोडीवर जीव टाकणारे खऱ्या माणसाला तेवढं प्रेम देतात असं नाही. कोरियातले नट हाँग सोक-चोन यांनी 2000 साली आपण गे आहोत हे उघड सांगितलं तर हातातली कामं गेली. तैवानने 2019 मध्ये समलिंगी लग्नांना मान्यता दिली, आशियात पहिल्यांदा, जपान-कोरियात अजून नाही. मित्राला विचार की त्याला काय वाचायला आवडलं असतं. तेही वाच.

प्रश्न: मी इंफाळची, सहा वर्षं नागपुरात शिकतेय, मराठी इथेच शिकले. आधी सीताबर्डीत पोरं चिंकी म्हणायची, आता 'सारांघे' (कोरियनमध्ये आय लव्ह यू) ओरडतात आणि फोटो मागतात. मेसच्या काकू तर प्रेमाने विचारतात, तुमच्या कोरियात भात कसा करतात? हसून सोडून द्यावं का?
– महाल

उत्तर: पोरी, आधी आमच्या शहरातर्फे माफी मागते. चिंकी म्हणणं शिवी होती, पण तुझा चेहरा बघून परदेशातली नटी शोधणं हाही तुला न बघण्याचाच प्रकार आहे. गंमत बघ, कोरियन सिनेमा मणिपुरात आमच्या कितीतरी आधी पोचला, 2000 साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली तेव्हापासून, हे इथे कोणाला माहीतच नाही.

रस्त्यावरच्या पोरांसाठी थांबू नको, त्रास दिला तर मैत्रिणींना घेऊन पोलीस चौकी गाठ. काकूंचं मात्र हसून सोडू नको, त्यांचा जीव आहे तुझ्यावर. रविवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात एरोंबा कर, सावजी खाणाऱ्या बाईला तुझ्या मिरचीची भीती नाही वाटायची, आणि खाता खाता इंफाळचं सांग, घरचं सांग, तुमच्याकडच्या शुमांग लीलेत अंगणात पुरुषच बाया होऊन नाचतात तेही सांग. काकू झाडीपट्टीकडच्या निघाल्या तर दंडारीची आठवण काढून तासभर बोलतील. काय म्हणाल्या ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात छापते.