शटर अर्धे उतरल्यावर आलेल्या मुलास

सांगली

प्रिय मुला,

परवा रात्री दुकानाचे शटर अर्धे उतरवून मी दिवसाचा हिशेब लिहीत असताना तू वाकून आत आलास, मोबाइलमधला एका स्ट्रिपचा फोटो माझ्यापुढे धरलास आणि मी डॉक्टरांची चिठ्ठी मागताच ‘मित्रासाठी हवी आहे’ म्हणालास. गणपती पेठेजवळ औषधे विकत मला चाळीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत अशा मित्रांसाठी मी कितीतरी औषधे बांधून दिली, पण त्यांपैकी एकही मित्र मला कधी दिसला नाही. मग तूच खाली बघत सांगितलेस की गुप्तांगावर जखम झाली होती, दुखत नव्हती, तीन आठवड्यांत आपोआप भरली, आता काहीच दिसत नाही आणि वैशाखात लग्न आहे. तेव्हा आता गोळ्या घ्यायच्या की नाही, एवढेच सांगा. मी गोळ्याही दिल्या नाहीत आणि उत्तरही दिले नाही. तू चिडून गेलास. काउंटरवर उभे राहून देता येईल असे ते उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जखम दुखली नाही आणि आपोआप भरली, या दोन गोष्टींनी तुझा जीव भांड्यात पडला आहे. माझा जीव नेमका त्याच दोन गोष्टींनी टांगणीला लागला. उपदंशाची, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसे जिला गरमी म्हणत त्या रोगाची, पहिली जखम बहुधा अशीच असते: एकच, कडेने टणक, स्वच्छ दिसणारी, न दुखणारी. शरीरसंबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती उठते, पण दहा दिवसांत किंवा तीन महिन्यांनीही उठू शकते. सोबत जांघेत अवधाण (गाठ) येते, तेही फारसे दुखत नाही. औषधाचा थेंबही न घेता ती जखम तीन ते सहा आठवड्यांत भरून निघते आणि माणूस सुटलो म्हणून मोकळा होतो. जंतू मात्र तोवर रक्तात उतरलेले असतात. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, न खाजणारे पुरळ येते, कणकण येते, केस पुंजक्यांनी गळतात. तेही आपोआप जाते. त्यानंतर हा रोग वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि उपचार न झालेल्या काही माणसांत पुढे हृदयाच्या मोठ्या धमनीवर, मेंदूवर किंवा डोळ्यांवर उलटतो.

तुला उपदंशच झाला आहे असे मी म्हणत नाही. बारीक पाण्याचे फोड येऊन आग होत असती, तर नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, हर्पिसचा संशय आला असता. तो एकदा शरीरात शिरला की कायमचा राहतो, औषधाने फक्त आवरता येतो. साधे खरचटणेही असू शकते. यांपैकी नेमके काय, हे मला, तुझ्या मित्राला किंवा त्या मोबाइलला बघून सांगता येत नाही. म्हणून माझे एकच म्हणणे आहे आणि ते या पत्रात तुला पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल: आधी रक्त दे, मग औषध घे.

हा हट्ट मी कोणत्या पुस्तकातून घेतलेला नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मार्केट यार्डात हळद भरायला येणारा एक ट्रकचालक माझा नेहमीचा गिऱ्हाईक होता. तुझ्यासारखाच एकदा रात्री आला, तुझ्यासारखीच जखम सांगितली, आणि मी मोठ्या जाणतेपणाने पाच दिवसांच्या कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवल्या. जखम भरली. ती कॅप्सूलने भरली की तशीच भरणार होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची गरजही मला वाटली नव्हती. ‘बरं झालं, आता काळजी नको,’ असे मी त्याला सांगितले आणि काही महिन्यांनी त्याच्या लग्नाचे पेढे खाल्ले. त्याच्या बायकोचे पहिले बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले. दुसरे मृत जन्मले. तिसऱ्या खेपेला मिरजेत कोणीतरी तिच्या रक्ताची व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची, तपासणी केली, मग याचीही केली, आणि तो कागद घेऊन हा माझ्या काउंटरसमोर उभा राहिला. भांडला नाही. ‘काका, तुम्ही बरं झालं म्हणाला होता,’ एवढेच बोलला. दोघांना इंजेक्शने मिळाली असे पुढे कळले. तो मात्र पुन्हा दुकानात आला नाही.

आता मी माझी बाजू मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय मला राहवत नाही. मी ‘डॉक्टरकडे जा’ म्हणालो असतो तर तो गेला असता का? त्या काळी एका दवाखान्यात कंपाउंडर भरल्या बाकांसमोर ‘गुप्तरोगवाले कोण?’ असे ओरडून विचारत असे. तिथून उठून थेट माझ्याकडे आलेली माणसे मी पाहिली आहेत. भिंतीवर जाहिराती रंगवणारे वैदू तर हजारो रुपये उकळून वर ताकदीचे चूर्ण बांधून देत. त्यांच्या मानाने मी स्वस्त होतो, कोणाचे नाव फोडत नव्हतो. हे सगळे खरे आहे. पण ‘रक्त तपासून ये’ हे तीन शब्द बोलायला मला काय खर्च येत होता, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि म्हणूनच परवा मी तुझ्याशी गरजेपेक्षा तुसडेपणाने वागलो.

तू दाखवलेल्या स्ट्रिपबद्दलही सांगतो. ते औषध वाईट नाही. ते परम्यावर चालते. परमा, म्हणजे गनोरिया, हा वेगळा रोग आहे: पुरुषाला संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत लघवीला जळजळ होते आणि पू येतो, तर बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही आणि क्लॅमिडिया या दुसऱ्या गुप्तरोगाप्रमाणेच तो गर्भनलिकांपर्यंत चढून पुढे वंध्यत्व देऊ शकतो. तुझ्या मित्राला कदाचित परमा झाला असेल, त्याला त्या गोळीने उतार पडला असेल, आणि त्याने मोठ्या मनाने आपली गोळी तुला सुचवली. तुला असलेच तर दुखणे दुसरे आहे. याच परम्यावर एके काळी पेनिसिलिन चालत होते, मग सिप्रोफ्लॉक्सासिन चालू लागले. नव्वदच्या दशकात जळजळ म्हटले की आम्ही त्याच्या दोन-चार गोळ्या सुट्या कापून देत होतो. पुढे ते औषधही परम्याला लागू पडेनासे झाले, आणि त्यात आमच्या कात्रीचाही वाटा आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्सिमसारखी औषधे शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीत गेली. ती विकताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. लोकांना वाटते की मी त्या वहीला घाबरून बदललो. मी ट्रकचालकाच्या हातातल्या त्या कागदाला घाबरून बदललो.

उपदंशाच्या बाबतीत गंमत अशी की त्याचा जंतू अजूनही पेनिसिलिनने मरतो. भावप्रकाशात सोळाव्या शतकातच ‘फिरंग’ या नावाने ज्याची नोंद झाली आणि नंतर शतकानुशतके ज्याच्यावर पारा खाऊन माणसांनी दात घालवले, तो रोग १९४३ पासून पेनिसिलिनने बरा होतो. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच पुरते. वर्ष उलटून गेले असेल किंवा काळ ठाऊक नसेल तर आठवड्याला एक अशी तीन घ्यावी लागतात. पेनिसिलिनची ॲलर्जी एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ते डॉक्टरसमोरच घ्यायचे असते, माझ्या काउंटरमागे नाही. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो. तो बहुधा जंतू मरू लागल्याचा असतो. हे आधी माहीत नसलेली पोरे घाबरून पुढचा उपचार सोडतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, पण डॉक्टरांना मात्र कळव.

रक्त देताना नुसती व्हीडीआरएल केली आणि ती निगेटिव्ह आली, तर पेढे वाटू नकोस. जखम नवी असताना ती तपासणी चुकू शकते. उलट गरोदरपणात किंवा मलेरियासारख्या तापात ती उगाच पॉझिटिव्हही येते, म्हणून टीपीएचए ही दुसरी तपासणी जोडतात. पॉझिटिव्ह आलीच तर कागदावर एकास आठ, एकास बत्तीस असा आकडा असेल. तो जपून ठेव. उपचारानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा रक्त देऊन तो आकडा चौपट तरी उतरला का, हे पाहायचे असते. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, तिला घाबरायचे नाही. एचआयव्हीची तपासणी त्याच वेळी करून घे, कारण अशा जखमेतून तो विषाणू अधिक सहज शिरतो. आणि संबंधाला तीन महिने झाले नसतील तर ते पूर्ण झाल्यावर पुन्हा कर. कावीळ-बीची तपासणीही होते आणि तिची लसही आहे. परत सांगतो, आधी रक्त दे, मग औषध घे.

कुठे जायचे म्हणशील, तर सरकारी रुग्णालयात. तिथे गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आणि एचआयव्हीसाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचे केंद्र, असते. तपासणी फुकट होते आणि समुपदेशक बंद दाराआड बोलतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुझ्या संमतीशिवाय ती तपासणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. कोणाशी तोंडाने बोलवत नसेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे. ओरडणारा कंपाउंडर आता भेटणार नाही असे वचन मी देत नाही. भेटला तर ऐकून घे आणि बाकावर बसून राहा.

जाता जाता तू म्हणालास की ‘त्या बाईमुळे झालं’. हे वाक्य मला आवडले नाही. आपल्याच सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते आहे. वेश्यावस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वापरण्याचे धडे दिले, हातोहात निरोध वाटले. नको म्हणणारे बहुतेक गिऱ्हाईक असत, आणि तेच माझ्या दुकानात येऊन निरोध मागायला लाजत, बोटाने खूण करत, मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून देत असे. (१९६८ साली सरकारने पंधरा पैशांना तीन या भावाने निरोध बाजारात आणला, तेव्हापासून ही लाज काही स्वस्त झालेली नाही.) तुला कोणाकडून काय मिळाले यापेक्षा तुझ्याकडून कोणाला काय गेले असेल, याचा विचार कर. जिच्याशी संबंध आला तिला निरोप पोचला पाहिजे, तिचीही तपासणी झाली पाहिजे. नाहीतर तुझे इंजेक्शन म्हणजे गळक्या हौदात ओतलेले पाणी. तुझ्यात आणि वैशाखात ज्या मुलीशी लग्न करणार आहेस तिच्यात काही झाले आहे की नाही, हे मला सांगू नकोस, पण डॉक्टरांना खरे सांग. झाले असेल तर तिला आजच सांग, तिचेही रक्त तपासावे लागेल. नसेल झाले, तर उपचार होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांब, मग त्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागली तरी ढकल. मंडप आणि आचारी यांचे पैसे बुडाले तर बुडू देत. त्या ट्रकचालकाचे लग्न अगदी ठरल्या मुहूर्तावर लागले होते.

हे पत्र मी बंद पाकिटात घालून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवतो आहे. त्यावर तुझे नाव नाही, मला ते माहीतही नाही. ‘खोकल्याचे औषध’ एवढेच लिहिले आहे, म्हणजे मी जेवायला गेलेलो असलो तरी दुकानातला पोरगा काही न विचारता ते देईल. आत एका कागदावर व्हीडीआरएल, टीपीएचए, एचआयव्ही आणि कावीळ-बी अशी चार नावे लिहून ठेवली आहेत, तेवढी खिडकीवर दाखव. या तपासण्यांना उपाशीपोटी जावे लागत नाही. सकाळी चहा-पोहे खाऊन जा.

तुझा,
औषधवाला काका