डाळीचं पाणी आधी बंद करा, डायबेटिसचं नंतर बघू

तुम्ही विचारलंय: "बाळ सहा महिन्यांचं झालं. डाळीचं पाणी आणि नाचणी सत्त्व सुरू केलंय. दोन्ही आजोबांना डायबेटिस आहे, तर बाळाला पुढे होऊ नये म्हणून वरच्या खाण्यात काय ठेवू?"

डायबेटिसवर येतेच. पण 'डाळीचं पाणी' वाचलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आधी ते.

शिजलेल्या डाळीतलं प्रोटीन, लोह, कॅलरी सगळं तळाशी बसतं. वरचं पिवळं पाणी बाळाच्या वाटीत आणि तळाची डाळ मोठ्यांच्या वरणात, अशी ही वाटणी. "पचायला हलकं" म्हणतात. हलकं असणारच, पचवण्यासारखं त्यात आहे काय? बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण 30 ग्रॅम मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला दोनशेच्या आसपास. ते पाण्याने भरलं की बाळ तोंड फिरवतं आणि आजी म्हणते, "बघ, पोट भरलं." भरलंच की! पण 6 ते 8 महिन्यांत अंगावरच्या दुधाखेरीज रोज 200 किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, 9 ते 11 महिन्यांत 300, वर्षानंतर 550. त्या कुठून येणार?

20 ग्रॅम तांदूळ आणि 10 ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवा, घोटा, वर चहाचा एक चमचा तूप. ही खिचडी वाटीभर, म्हणजे 150 ग्रॅम होते आणि त्यात किलोकॅलरीही 150च्या घरात असतात. गाळायची नाही. चमचा तिरका केला तर घास हळू घसरला पाहिजे, ओघळला तर पातळ आहे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. दूध चालूच.

आता नाचणी. बाजारात 'सत्त्व' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवलेला. यात कोंड्याबरोबर कॅल्शियम आणि लोहाचा बराच भाग निघून जातो आणि उरतो मुख्यतः स्टार्च. दुसरी म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेलं अख्ख्या नाचणीचं पीठ. तुम्हाला हे दुसरं हवंय, आणि ते घरी करणं काही अवघड नाही. नाचणी रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा, दीड दिवसात पांढरे मोड दिसतात. मुंबईच्या पावसाळ्यात याच टप्प्यावर घात होतो. पुरचुंडी चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकून द्या, धुऊन वापरू नका. वाळवायला जुलैत उन्हाची वाट बघायची नाही, पंख्याखाली पातळ पसरा.

यापुढची गोष्ट मात्र सांगणारे कमी. मोड आले की दाण्यात अमायलेझ नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्च तोडून खीर पातळ करतं. खमंग वास येईपर्यंत भाजलंत की ते मेलं, मग मोड आणायची निम्मी मेहनत पाण्यात. म्हणून थोडं पीठ न भाजता वेगळं ठेवा. एरवी नाचणीची खीर घट्ट होते, आपण पाणी ओततो, आणि पुन्हा तेच 'डाळीचं पाणी'! त्याऐवजी 100 मिली पाण्यात 20-25 ग्रॅम पीठ शिजवा, गोळा होईल, होऊ द्या. गॅस बंद करून वाफ जरा जिरली की अर्धा चमचा न भाजलेलं पीठ ढवळा. दोन-चार मिनिटांत ते सैल पडतं. कच्चं पीठ पडलंय, तेव्हा पुन्हा एक उकळी द्यायचीच. पाणी न वाढवता बाळाला गिळता येईल अशी खीर तयार, आणि कॅलरी तेवढ्याच.

साखर, गूळ नको. वर्षाच्या आत मीठ नको, मध तर अजिबात नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. आणि चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट हा तर मुंबईचा लाडका गुन्हा! त्यात पाव भाग साखर असते आणि चहा लोह शोषू देत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 6 ते 59 महिन्यांची 67 टक्के मुलं ॲनिमिक निघाली, त्यात भर कशाला? पूर्ण उकडलेलं अंडं, पांढऱ्यासकट, आत्ताच चालतं. काटा काढलेला ताजा बोंबीलही चालतो. शाकाहारी असाल तर डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा. शेंगदाण्याचं बारीक कूटही थांबवू नका. 2015 मध्ये आलेल्या लंडनच्या 'लीप' चाचणीत, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर त्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. अख्खा दाणा मात्र नाही, घशात अडकतो.

डायबेटिस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणजे डायबेटिसची कहाणी गरोदरपणातच सुरू होते, तुमची खिचडी ती पुसणार नाही. दिल्लीत जन्मापासून मोठेपणापर्यंत मुलांवर लक्ष ठेवलेल्या एका अभ्यासात तरुणपणी रक्तातली साखर वाढलेली दिसली ती मुख्यतः दोन वर्षांपर्यंत बारीक राहून नंतर झपाट्याने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वाढलेल्या मुलांत. ब्रिटनमध्ये 1953 मध्ये साखरेचं रेशनिंग संपलं. 2024च्या अभ्यासात, गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंग अनुभवलेल्यांना टाइप 2 डायबेटिसचा धोका सुमारे 35 टक्के कमी आढळला. तेव्हा "आत्ता बारीकच बरं, डायबेटिस नको" असं म्हणून तूप तोडू नका, आणि तिसऱ्या वर्षी "गुटगुटीत व्हायला हवा" म्हणून वेफर्स-ज्यूसही भरवू नका. गुटगुटीतपणाचं हे वेड मला कधीच पटलेलं नाही.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, वजन वाढत असलेल्या बाळासाठी. बाळ लवकर जन्मलं असेल, जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल किंवा वाढीच्या तक्त्यावर रेघ आडवी झाली असेल, तर आधी डॉक्टर. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल आणि अंगावर पाजत असाल तर स्वतःचं बी-12 तपासा. आणि लोहाचं सिरप अंगणवाडी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मागा: 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली, त्यात 20 मिलिग्रॅम लोह. शी काळी होते, त्याने घाबरून बंद करू नका. ताप असेल तेव्हा मात्र थांबवा.